हिशेबी म्हटलं म्हणून वही मिटू नकोस

ताई, नमस्कार.

माझं वय २९. लग्न ठरलंय, तारीख १४ महिन्यांवर आहे. दोघंही नोकरी करतो. लग्नाचा खर्च शक्यतो आपला आपण करायचा, असं आम्ही मोठ्या उत्साहात ठरवलं आणि मी लगेच एक्सेलमध्ये तक्ता करून टाकला. आमचा दोघांचा मिळून महिन्याचा पगार १०० भाग धरला, तर ३०० माणसांच्या लग्नाला साधारण ४०० भाग लागतील. म्हणजे चार महिन्यांचा अख्खा पगार. साठलेले आहेत १५०. घरखर्च, घरी द्यायचे पैसे, त्याचे हप्ते असे ६२ दर महिन्याला जातातच. उरायला हवेत ३८, पण शिल्लक पडतात जेमतेम १२. बाकीचे कुठे जातात, देव जाणे.

हप्त्यांचं मला गेल्या महिन्यातच कळलं. त्याच्या शिक्षणाच्या कर्जाची अजून तीन वर्षं बाकी आहेत. लपवलं नव्हतं, विषय निघाला नाही, असं त्याचं म्हणणं.

दोन्हीकडचे आईवडील 'आम्हीही मदत करू' म्हणतात. किती, ते कोणी बोलत नाही. कोणाकोणाला बोलवायचं, ते मात्र सगळेच बोलतात. तक्ता दाखवला की तो म्हणतो, 'होऊन जाईल गं, आयुष्यात एकदाच होतं.' परवा मी जरा जास्तच मागे लागले, तर म्हणाला, 'तू फार हिशेबी आहेस.' तेव्हापासून मी तो तक्ता उघडलेला नाही.

एकत्र खातं उघडावं का? कमी पडलं तर कर्ज काढावं का? आणि मी खरंच हिशेबी आहे का?

— हिशेबी

प्रिय हिशेबी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्र त्यासाठीच लिहिलंयस असं मला वाटतं. हो, आहेस. 'हिशेबाला पक्की' म्हटलं की कौतुक आणि 'हिशेबी' म्हटलं की टोमणा. माणूस तेच, वहीही तीच. टोमणा बहुधा वही बघायची नसते तेव्हाच तोंडातून निघतो. तेव्हा तक्ता उघड. फक्त तो उलटा करावा लागेल.

तू वर लिहिलंस 'लग्नाला किती लागेल' आणि सगळ्यात खाली 'किती कमी पडतंय'. त्याऐवजी पहिली ओळ अशी लिही: लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोघांकडे किती शिल्लक असायला हवी?

'लग्न पाहावं करून' एवढं सांगून आपली म्हण मोकळी झाली, दुसऱ्या दिवसाचं ती काही बोलत नाही. आमचं लग्न झालं तेव्हा मलाही कोणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पाकीट उलटं करून दाखवलं आणि आम्ही दोघंही हसलो, कारण तेव्हा हसू येत होतं. पुढची दोन वर्षं आम्ही त्या एका दिवसाची उधारी फेडली. आमची पहिली कडाक्याची भांडणं प्रेमावरून नाही झाली, सासरमाहेरावरूनही नाही, दिव्यांच्या रोषणाईच्या बिलावरून झाली. ती रोषणाई कशी होती, हे आज आम्हा दोघांनाही आठवत नाही.

तर त्या सकाळची शिल्लक. नवीन संसार, एखाद्याची नोकरी हलली, कोणी आजारी पडलं, तर निदान तीन महिने तग धरता यावा. तुमचा अटळ खर्च ६२, त्याची तिप्पट १८६. हे पैसे लग्नाचे नाहीत. ते आधी बाजूला काढायचे, नंतर उरले तर ठेवू असं नाही. उरत नसतात.

आता जमेची बाजू. कॅलेंडरवर १४ महिने आहेत, पण तू ११ पगारच धर. जागेपासून फोटोवाल्यापर्यंत सगळ्यांना आगाऊ रक्कम लागते, आणि शेवटच्या तीन महिन्यांतले पगार किरकोळ गोष्टींत असे विरघळतात की मागे पावतीसुद्धा राहत नाही. महिन्याला १२ ऐवजी २४ बाजूला पडले, तर ११ महिन्यांचे २६४. साठलेले १५० मिळवले की ४१४. त्यातून सकाळचे १८६ गेले, राहिले २२८. यातले ३० भाग अडीअडचणीला राखून ठेव. खर्चायला उरले १९८.

म्हणजे तुमचं लग्न ४०० चं नाही, १९८ चं आहे. वाईट वाटलं असेल. पण हा आकडा आज कळतोय, निमंत्रणं गेल्यावर नाही. तेव्हा कळला असता तर वरातीमागून घोडे नाचवावे लागले असते.

'१२ चे २४ कुठून करू' असं तू विचारशील, म्हणून त्या हरवलेल्या २६ भागांकडे येते. लग्न ठरल्यापासून लग्न होईपर्यंतचा काळ हा स्वतःच महागडा असतो, आणि याचा रकाना कोणाच्याच तक्त्यात नसतो. भेटीगाठी, बाहेरचं खाणं, एकमेकांना भेटवस्तू, दोन्ही घरांतल्या वाढदिवसांना रिकाम्या हाताने जायचं नाही, शिवाय याच वयात सगळ्या मित्रमैत्रिणींची लग्नं. भेटणं बंद करा असं मी म्हणणार नाही. लग्नासाठी एकमेकांना भेटायचं थांबणं म्हणजे तर कमालच. पण एक महिना दोघांनी प्रत्येक खर्च लिहून काढा. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची खास वही छापून काढली. 'काकेइबो' म्हणतात तिला, आणि तिचा प्रकार आजही चालतो. अॅप असतानाही हाताने लिहायचं एक कारण आहे: लिहिताना हात अडखळतो. जिथे अडखळला, तिथला खर्च तुम्हालाच नको होता. माझा अंदाज, २६ पैकी १२ असे सहज सापडतील. त्याहून जास्त ओढू नका, तिसऱ्या महिन्यात बांध फुटतो.

खर्चाकडे वळू. तुझ्या ४०० मध्ये दोन प्रकारचे पैसे आहेत. काही माणसांच्या संख्येवर ठरतात: जेवण, बसायची सोय, जागेचा आकार, निमंत्रणं, राहण्याची व्यवस्था. बाकीचे माणसं किती का येईनात, तेवढेच राहतात: तुमचे कपडे, फोटो, कागदपत्रं. समज, पहिल्या प्रकाराचे २४० आहेत. ३०० माणसं, म्हणजे माणशी ०.८ भाग. तुमच्या दोघांच्या मिळून पाव दिवसाच्या पगाराइतका एक पाहुणा! मी कोणाच्या प्रेमाची किंमत करत नाहीये. पण 'अजून पाच नावं टाक' हे वाक्य ज्या सहजतेने येतं, त्याला उत्तर म्हणून हा आकडा डोक्यात असू दे. पाच नावं म्हणजे एका दिवसाहून जास्त, तेही दोघांचं राबणं.

फुलं कमी करू, निमंत्रणाचा कागद साधा घेऊ, अशी काटकसर बहुतेक जण आधी करतात आणि आकडा जागचा हलत नाही. तो हलतो माणसांनी गुणल्यावर किंवा भागल्यावर. १२० माणसं बोलावलीस तर ०.८ प्रमाणे ९६ भाग, आणि लहान समारंभात उरलेले १६० सुद्धा १०० पर्यंत आणता येतील. झाले १९६. बसलं.

पण थांब, लगेच नावं खोडायला बसू नकोस. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातले अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्युगो मियालोन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २०१४ चा एक अभ्यास आहे, त्यात त्यांनी लग्न केलेल्या ३००० हून अधिक अमेरिकन लोकांची माहिती तपासली. अंगठीवर आणि समारंभावर जास्त खर्च केलेल्यांची लग्नं कमी टिकलेली दिसली. इथवर तुझ्या बाजूचं. पुढची गोष्ट मात्र उलटी: ज्यांच्या लग्नाला जास्त माणसं होती, त्यांची लग्नं जास्त टिकलेली दिसली. असे अभ्यास दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच दाखवतात, एकीमुळे दुसरी घडते असं नाही. रोषणाईचं बिल कमी करून संसार टिकतो असा अर्थ काढू नकोस. तरी मला त्यातली जोडी विचार करण्यासारखी वाटते. माणसं जास्त, थाट कमी.

म्हणून दुसरा हिशेबही मांडून बघ. ३००च्या ३०० माणसं, पण माणशी ०.८ ऐवजी ०.४. ते झाले १२०. उरलेल्या सगळ्याला ७८. हेही १९८ मध्ये बसतं. म्हणजे साधी जागा, चार तासांचा एकच कार्यक्रम, मोजकेच पदार्थ, आठवड्याच्या मधला दिवस किंवा गर्दीच्या हंगामाबाहेरची तारीख. तिसरी वाटही आहे: जवळच्यांसोबत छोटा समारंभ, आणि बाकीच्यांसाठी वेगळ्या दिवशी नुसतं भेटणं. मला विचारशील तर मी दुसऱ्या वाटेने जाईन, पण मला गर्दी आवडते. तुला आवडते का, हे पत्रात कुठेच नाही. त्यालाही विचार. अर्धे वाद हिशेबाचे नसतातच, एकाला गोतावळा हवा असतो आणि दुसऱ्याला निवांतपणा, आणि दोघंही भांडतात खुर्च्यांच्या भाड्यावरून.

ते राखीव ३० भाग आता तुला खुपतील, सहाव्या महिन्यात कोणीतरी त्यावर डोळा ठेवेल. सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा १९५७ चा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता आणि काम १९६३ ला संपायचं होतं. संपलं १९७३ ला, १० कोटी २० लाखांत. तुझं लग्न म्हणजे ऑपेरा हाऊस नव्हे, पण अंदाज चुकायची तऱ्हा तीच. डॅनिएल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला नावच दिलं: आपण आपल्या बेताकडे आतून बघतो, सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो. उपाय त्यांनी सांगितला तो साधा आहे, अशीच कामं इतरांनी केली तेव्हा काय झालं ते बघायचं. म्हणून गेल्या दोन वर्षांत लग्न झालेली चार जोडपी गाठ आणि नेमकं विचार, 'ठरवलं किती होतं आणि झालं किती?' एकच आकडा सांगणाऱ्याला दुसराही सांगायला लाव. चौघांची सरासरी वाढ १५ टक्क्यांहून जास्त निघाली तर तुझी राखीव रक्कम वाढव.

कानेमान आणि ट्वर्स्की याच दोघांचा १९८१ चा एक प्रयोग मला लग्नघरात हमखास आठवतो. १५ डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर ५ डॉलर वाचत असतील तर वीस मिनिटं गाडी चालवून दुसऱ्या दुकानात जाल का, असं विचारल्यावर बहुतेक जण हो म्हणाले. कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा असेल आणि त्यावर तेच ५ डॉलर वाचत असतील तर? बहुतेक जण नाही म्हणाले. पाच ते पाचच, पण मोठ्या आकड्याशेजारी ते दिसेनासे होतात. लग्नातले विक्रेते हे शाळेत न जाता शिकलेले असतात. 'एवढं करताय, त्यात हे काय मोठं?' असं कोणी म्हणालं की एक रात्र जाऊ दे, मग उत्तर दे.

विक्रेत्यांशी बोलताना काही गोष्टी लेखी घे. कर धरून आकडा आहे की वेगळा. वेळ वाढली तर तासाला किती. तारीख बदलली किंवा रद्द झालं तर आगाऊ रकमेचं काय. आणि जेवणाच्या ठेकेदाराला आवर्जून विचार, किमान किती पानांचे पैसे धरणार आणि शेवटचा आकडा कधीपर्यंत कळवायचा. १२० माणसं बोलावून २०० पानांचे पैसे मोजलेली माणसं मला माहीत आहेत.

साठवलेले पैसे ठेवायचे कुठे? कंटाळवाण्या जागी. बँकेतली मुदत ठेव, आवर्ती ठेव, बचत खातं. शेअरमध्ये नाही, तुझ्या चुलतभावाने कितीही समजावलं तरी. १९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२०, या पाच आठवड्यांच्या आत अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक सुमारे एक तृतीयांश घसरला. ऑगस्टपर्यंत तो पुन्हा वर आलाही. पण जागेचे पैसे मार्चमध्ये द्यायचे असतील तर ऑगस्टचं काय करायचं?

एकत्र खातं आत्ता नको. तोंडावर बरं दिसत नाही, पण सांगते: ठरलेली लग्नं मोडतात, आणि मग एकत्र खात्यातल्या पैशांवरून उरलीसुरली मायाही जाते. दोघांनी आपापल्या नावावर एकेक वेगळं खातं काढा, फक्त लग्नाचं. पगाराच्या दिवशीच रक्कम आपोआप तिकडे वळू दे. वाटा सारखा नको, प्रमाणात ठेवा. पगार ६० आणि ४० असतील तर २४ मधले १४.४ एकाने, ९.६ दुसऱ्याने. कोणती आगाऊ रक्कम कोणी दिली ते लिहून ठेवा, पावत्यांचे फोटो दोघांकडे असू द्या. लग्नानंतर एकत्र खातं उघडा, तेव्हा मी अडवणार नाही.

कर्ज. ऋण काढून सण करू नये हे तुला घरात ऐकवलं असेलच, मी नुसता आकडा सांगते. तुझ्या मूळच्या तक्त्याप्रमाणे ४०० खर्च केले आणि कमी पडणारे २०२ वर्षाला १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर दर महिन्याला साडेचार भाग हप्ता आणि एकूण परतफेड २७० च्या घरात. त्याच्या शिक्षणाच्या हप्त्यांच्या डोक्यावर हा दुसरा हप्ता. क्रेडिट कार्डची थकबाकी तर विचारूच नकोस. महिन्याला ३ टक्के म्हणजे कानाला किरकोळ वाटतं, वर्षभर न भरता राहिलं तर ते ४२ टक्क्यांच्या पुढे जातं.

आता त्याच्या कर्जाबद्दल. शिकण्यासाठी काढलेलं आणि वेळेवर फेडलं जाणारं कर्ज हा दोष नाही, तेव्हा तशा सुरात बोलू नकोस. पण 'विषय निघाला नाही' हे मला पटलेलं नाही. लग्न ठरलेल्या माणसांमध्ये हा विषय काढावा लागतो. तो काढायची सोपी रीत अशी: आधी तू तुझं सगळं मांड. पगार, शिल्लक, देणी, घरी किती देतेस, पुढेही किती द्यायचे आहेत, कोणाला जामीन राहिली आहेस का. मग त्याला विचार. पोलिसी चौकशी वाटणार नाही. यातून अजून एखादं कर्ज बाहेर आलं तर लग्नाचा खर्च बाजूला ठेवून आधी त्याच्यावर बोला. तारीख पुढे ढकलावी लागली तरी चालेल. आणि तो सांगायलाच तयार नसेल, तर मग गोष्ट पैशांची राहिलेली नाही, आणि तू मला वेगळं पत्र लिही.

आईवडिलांच्या मदतीचा आकडा हातात पडेपर्यंत तक्त्यात शून्य लिही. तुझ्या आईबाबांशी तू बोल, त्याच्या आईबाबांशी तो बोलेल. ही अदलाबदल करू नका. किती, कधी, आणि कशासाठी, एवढंच विचारायचं. भीड ही भिकेची बहीण असते, आणि इथे तर सगळेच भिडेपोटी गप्प आहेत. त्यांनाही कदाचित तुमचा आकडा कळायची वाट असेल. होणाऱ्या सासूबाईंनी ४० नावं वाढवली तर ते ३२ भाग होतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्याने प्रेमाने सांगावं, 'आई, नक्की बोलवू, यांचा खर्च आपण कसा करायचा ते ठरवू.' काही नावं आपोआप गळतात. काहींसाठी त्या खरंच पैसे काढून देतील, आणि मग त्या पाहुण्यांना मनापासून या म्हण.

राहिला तो आणि त्याचं 'होऊन जाईल'. माझा अनुभव असा की असं म्हणणाऱ्याच्या हातात कधी हिशेब आलेलाच नसतो. शेजारी तुझ्यासारखी कोणी असली की गरजही पडत नाही. पुढच्या महिन्याची वही त्याला सांभाळू दे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास ठरवा, चहा त्याने करायचा आणि आकडे त्याने वाचून दाखवायचे. तू ऐकायचं. त्याची बेरीज चुकली तरी पहिल्या खेपेला बोलू नकोस, मला माहीत आहे हे तुला सगळ्यात जड जाणार. तीन महिने असं करा. तरीही १९८ चं गणित जमत नसेल तर पुन्हा लिहा, पण या वेळी खाली दोघांची सही असू दे.

तुझी,
ताई